वरून ओतलेले पाणी

माझे वडील शुभवर्तमानाची पुस्तके आणि पत्रके विकतात. भोरचा बाजार, वेल्ह्याचा बाजार, सारोळ्याचा पूल, जिथे माणसे जमतात तिथे ते झोळी घेऊन उभे असतात. मी अक्षरे त्या पत्रकांवरच शिकले. त्या पत्रकांत एक आजारी मुलगी नेहमी असे. तिचे नाव बदले, गाव बदले, दुखणे मात्र छातीचेच असे. ती कधी कुरकुर करीत नसे. आईला धीर देई, शेजाऱ्यांना क्षमा करी, आणि शेवटच्या पानावर हसत हसत प्रभूकडे जाई. लहानपणी मी तिच्यासाठी रडले आहे.

मला तेच दुखणे झाले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. मी हसले नाही. मी चौदा महिने रागावलेली होते आणि आजही पुरती शांत झालेली नाही. ज्यांना हा रोग झाला आहे त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे, म्हणून आधीच सांगून टाकते: रागावल्याने क्षय वाढत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना मी विचारून घेतले आहे.

*

तोरण्याच्या पायथ्याच्या एका गावात मी शाळा चालवीत होते. शाळा म्हणजे एक पडवी आणि एकोणीस मुले. भाद्रपदात खोकला सुरू झाला. मी म्हटले, धुके आहे, जाईल. दिवाळीपर्यंत मला संध्याकाळचा ताप येऊ लागला आणि पाढे म्हणून घेताना मधेच बसावे लागे. एके दिवशी फळा पुसायचे फडके मी तोंडाला लावले आणि ते लाल झाले. पहिल्या रांगेतली मुले पाहत होती. मी फडके घडी करून कमरेला खोचले आणि बाराचा पाढा पुरा म्हणून घेतला. त्या पाढ्याचा मला अजून अभिमान वाटतो, आणि तो मूर्खपणाच होता. मुलांच्या तोंडावर खोकत मी आणखी आठ दिवस शिकवले.

आई आणि वडील बैलगाडी घेऊन आले. नसरापूरपर्यंत गाडी, पुढे सर्व्हिस मोटार, आणि मग घाटापलीकडचा मिशनचा दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, पाठीवर बोटे वाजवली, थुंकी तपासायला पाठवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा तिघांना खुर्च्या दिल्या. खुर्च्या दिल्या तेव्हाच मला कळले.

"क्षय आहे," त्या म्हणाल्या. "उजव्या बाजूला. वर्षभर तरी इथं राहावं लागेल."

वडील म्हणाले, "देवाची इच्छा."

"मग त्याच्या इच्छेविरुद्ध मोटारीचं भाडं कशाला भरलंत, बाबा?" मी म्हणाले.

आईने आमच्याकडे पाहिलेच नाही. तिने डॉक्टरीणबाईंना एकच प्रश्न विचारला. "हिची ताटवाटी वेगळी ठेवायची का?"

"हो," बाई म्हणाल्या. "थुंकीत जंतू आहेत तोवर वेगळी. आणि उकळून घ्यायची."

त्यांनी खरे तेच सांगितले आणि आईनेही योग्य तेच विचारले. तरी त्या दिवसाचे मला आज आठवते ते एवढेच, की माझ्या आईने पहिल्यांदा ताटाचे विचारले.

*

दवाखान्यातले दिवस एकासारखे एक. पहाटे तोंडात काचेची नळी, तापाचा आकडा. दूध, अंडे, माशाचे तेल. नंतर व्हरांड्यात खाटा ओढायच्या आणि निजून राहायचे, थंडी असो वा वारा. बोलायचे नाही, हसायचे नाही, हात डोक्यावर न्यायचा नाही. पंधरा दिवसांनी एकदा बरगड्यांमधून सुई घालून हवा भरायची, म्हणजे दुखरे फुप्फुस मिटून पडते आणि त्याला विश्रांती मिळते. सुईपेक्षा सुईची वाट पाहणे वाईट. नव्याने जाणाऱ्यांना माझा सल्ला आहे की रांगेत पहिला नंबर लावा.

शनिवारी भेटीला माणसे येत. आमच्या भोरच्या ख्रिस्ती मंडळीतली माणसे इतक्या लांबून येत, याचे मला कौतुक वाटायला हवे होते. ती पदर नाकाला लावून खाटेपासून पाच हातांवर उभी राहत आणि तिथून प्रार्थना करीत.

पाळकसाहेब एकदा म्हणाले, "रूथ, ही देवानं लावलेली शिस्त आहे."

"कशाबद्दल?"

"ते तूच आपल्या मनात शोध."

त्यांच्या मागून कोणीतरी बाई म्हणाली, "पत्रकं फार लिहायची ना."

हे खरे होते. मी पत्रके लिहीत असे. वडील विकत तसली नव्हेत. आम्ही मूळचे महार. माझ्या आजोबांना सारोळ्याकडच्या त्यांच्या गावात पाणवठ्याला हात लावू देत नसत. कोणाला दया आली तर तो वरच्या पायरीवरून पाणी ओती आणि आजोबा खाली ओंजळ धरून बसत. निम्मे पाणी कोपरांवरून वाहून जाई. त्याबद्दल मी चार पानी पत्रक लिहून स्वतःच्या पगारातून छापले होते. 'पाणी कोणाचे?' असे त्याचे नाव. 'जो तहानेल्या माणसाला वरून पाणी ओततो, तो पाणी देत नाही, अपमान देतो,' असे त्यात पहिलेच वाक्य होते. ते मला फार आवडायचे.

*

माझ्या शेजारच्या खाटेवर तानूबाई होती. शिवऱ्याची, शेतकरी घरातली, वय तिशीच्या आतबाहेर, दोन मुलांची आई. पहिल्या दिवशी तिने मला विचारले, "तुमी बाटलेली माणसं न्हवं?"

"हो. आणि तुम्ही?"

"आमी शेतकरी," असे म्हणून तिने आपली खाट माझ्यापासून चार बोटे सरकवली.

ती चार बोटे भरून यायला तीन महिने लागले. वॉर्डात सगळ्यांना सारखाच खोकला होता, आणि बोलायची बंदी असलेल्या ठिकाणी जो हळू बोलू शकतो त्याच्याशी मैत्री होतेच. माशाचे तेल घेताना ती म्हणे, "मासा मरून गेला, आन् सूड आपल्यावर उगवतोय बग." सुई टोचून आली की म्हणे, "आता माज्यात हवा भरलिया. मोटारीला चाक कमी पडलं तर मला लावा म्हनावं." पाचव्या महिन्यात एके दुपारी तिने काही न बोलता माझ्या तांब्यातले पाणी घेतले आणि प्यायली. मी पाहत राहिले तेव्हा म्हणाली, "काय बगतीस? घशाला कुटं जात कळती."

तिला वाचता येत नव्हते. मी तिला माझे पत्रक वाचून दाखवले. डोळे मिटून तिने सगळे ऐकले.

"लई कडक लिवलंय," ती म्हणाली. "आमच्या आळीत वाचू नगंस, धोंडं मारतील. मला मातुर पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचले.

*

तेराव्या महिन्यात माझ्या थुंकीत जंतू सापडले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी ती तीन वेळा तपासली आणि सांगितले की पंधरा दिवसांनी घरी. त्याच आठवड्यात तानूबाईचे उलटे फिरले. तिला रक्ताची गुळणी झाली, मग आणखी एक. तिच्या सासरी निरोप गेला होता, कोणी आले नव्हते.

मी ठरवले होते की हे लिहायचे तर पुढचे गाळायचे नाही.

दुपार होती. वॉर्डात काम करणारी बाई जेवायला गेली होती. तानूबाईने डोळे उघडले आणि "पानी" म्हणाली. तिचा जर्मन धातूचा पेला खाली पडला होता आणि त्याच्या काठाला रक्त लागलेले होते. मी उठले आणि माझ्या तांब्यात पाणी घेतले. तिच्या मानेखाली हात घालायचा, तिला थोडे उचलायचे, तांब्या तिच्या ओठाला लावायचा. एवढेच काम होते. वर्षभर वॉर्डातल्या बायकांनी ते माझ्यासाठी रोज केले होते.

मी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबले. माझ्या डोक्यात एकच विचार होता. पंधरा दिवस. फक्त पंधरा दिवस.

मी म्हणाले, "तानूबाई, ओंजळ करा."

तिने निजल्या निजल्या हात वर धरले. मी तांब्या उंच धरला आणि पाणी ओतले. थोडे तिच्या तोंडात गेले. बाकीचे मनगटांवरून गळ्यावर आणि उशीवर गेले.

ती माझ्याकडे पाहत होती. मग तिने हात खाली घेतले.

"वरनं वततीस व्हय गं?" ती म्हणाली. तिला हसू आले, आणि हसण्याने खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाली, "आता कुनी कुनाला शिवायचं न्हाई, त्येच कळंना झालंय."

मी तिची उशी बदलली नाही. माझ्या खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. जेवून आलेल्या बाईने ओली उशी बदलली. तिसऱ्या दिवशी दुपारी तानूबाई गेली. त्या दोन दिवसांत ती माझ्याशी एकदाही वाकडे बोलली नाही. एकदा मला म्हणाली, "घरला जाशील तवा शिवऱ्यावरनं मोटार जाती. माजी पोरं रस्त्यावर खेळत असत्यात, बगून घे." मी मोटारीतून पाहिले. रस्त्यावर पुष्कळ मुले होती. तिची कोणती ते मला कळले नाही.

*

घरी आले तेव्हा माझी ताटवाटी वेगळी मांडलेली होती. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी मी आईपुढे धरली. 'थुंकी स्वच्छ आहे. इतरांत मिसळण्यास हरकत नाही.' आईने ती वाचली, घडी करून पवित्र शास्त्राच्या पानांत ठेवली, आणि माझी ताटवाटी तशीच वेगळी घासत राहिली. माझ्या धाकट्या बहिणीला, मेरीला, पाहायला येणारे होते ते माझ्यामुळे आले नव्हते. मी खोकले की मेरी खिडकी उघडायची.

पाळकसाहेब आले. चांगला माणूस. त्यांना वाटले मी पुढच्या रविवारी उपासनेत साक्ष द्यावी, देवाने माझ्यासाठी काय केले ते सर्वांपुढे सांगावे. "चौदा महिन्यांनी देवानं तुला परत आणलं. मंडळीला धीर येईल. जमल्यास लिहूनही काढ, तुझ्या बाबांना पत्रक छापून घेता येईल."

म्हणजे शेवटच्या पानावर न मेलेल्या मुलीचे पत्रक. मी हो म्हणाले.

त्या रविवारी प्रभुभोजन होते. आमच्या मंडळीत प्याला एकच असतो, हे बाहेरच्या वाचकांना सांगितले पाहिजे. शनिवारी पाळकबाई मनुका भिजवतात, त्यांचे पाणी गाळून त्या प्याल्यात भरतात, आणि तो सगळ्यांच्या ओठांना लागतो. शेवटी जे उरते ते फेकायचे नसते, पाळकसाहेब पिऊन टाकतात. आमच्या आजोबांना ख्रिस्ती धर्मातले काय कळले असेल नसेल, पण महाराने ओठ लावलेला प्याला मांगाकडे गेला, तिथून एका ब्राह्मण कारकुनाकडे आणि तिथून गोऱ्या साहेबाकडे, आणि कोणी तो पुसला नाही, हे त्यांना मरेपर्यंत पुरले. बाप्तिस्म्यापेक्षा त्या प्याल्यानेच आमची मंडळी उभी केली.

रविवारी मी लवकर गेले. टेबलावर पांढरे कापड होते. प्याल्याशेजारी एक काचेचा पेला होता, नवा, आणि त्याच्या तळाला तांबड्या रंगाचा ठिपका दिलेला होता. मंडळीचे पंच लाजरसकाका चटया अंथरत होते.

"काका, हा पेला कोणाचा?"

"तुझ्यासाठीच आणलाय. कोरा आहे. चांगल्यातला बघून घेतला."

"आणि ठिपका?"

"चुकून दुसऱ्या कोणाला जाऊ नये म्हणून."

"उपासना झाली की कुठं ठेवणार? वळचणीला?"

काकांनी चटई हातातच धरली. गावच्या चहाच्या दुकानांत आमच्या लोकांचे कप वळचणीला खोचून ठेवतात, हे भोरमध्ये कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

"माझ्या बापाचा कप वळचणीलाच असायचा," ते म्हणाले. "मला शिकवू नकोस."

"म्हणून तर तुम्हालाच विचारते."

"लोकांना भीती वाटते, रूथ. घरांत लेकरं आहेत." त्यांचा आवाज खाली आला. "तुला काय वाटतं, मला बरं वाटलं तो ठिपका देताना?"

मी चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती पाळकसाहेबांना दाखवली. पाळकसाहेब म्हणाले, "चिठ्ठी मला मान्य आहे. पण मंडळीला कसं सांगू? तू आधी साक्ष दे. मग पाहू."

*

मी उभी राहिले तेव्हा मला बोलायचे होते ते पेल्याबद्दल. शब्द तयार होते, धारदार होते. त्या खोलीतल्या एकेका माणसाला त्याच्या आजोबांचे नाव घेऊन विचारायचे होते. तोंड उघडले आणि ते बोलायचा अधिकार मला नाही हे माझ्या लक्षात आले.

मी म्हणाले, "देवाने मला वाचवले असे मी सांगावे, अशी तुमची इच्छा आहे. माझ्या शेजारच्या खाटेवर शिवऱ्याच्या तानूबाई होत्या. त्या गेल्या. देवाचे माझ्यावर प्रेम होते आणि त्यांच्यावर नव्हते, असे मला म्हणायला लावू नका. मी म्हणणार नाही."

मग मी ओंजळीचे सांगितले. सगळे सांगितले, उशी ओली झाली तेही. मी कोणाची नात आहे हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होते. बायकांच्या बाजूला कोणीतरी "अगं बाई" म्हणाले, आणि माझ्या आईने मान खाली घातली.

"त्याबद्दल मला कोणी शिक्षा केली नाही," मी म्हणाले. "पंधरा दिवसांनी मला बरी म्हणून घरी पाठवले. कृपा म्हणतात ती हीच असेल, तर मला तिचा राग येतो. मी ती मिळवलेली नाही, आणि जिला मिळायला हवी होती ती गेली. पण ती मला परत करता येत नाही, तानूबाईंना देताही येत नाही. प्रेम म्हणजे मनात वाटणे असेल, तर ते मला त्या दुपारीही पुष्कळ वाटत होते. वाटून उपयोग झाला नाही. मला हातच पुढे करावे लागतील. डॉक्टरीणबाईंना मी लिहिले आहे. पुढच्या महिन्यापासून मी त्या वॉर्डात कामाला जाते. मानेखाली हात घालून पाणी पाजायला. माझी साक्ष एवढीच आहे."

मी बसले.

मग प्याला फिरू लागला. दोन घरची माणसे उठून आपापली लेकरे घेऊन बाहेर गेली. मी त्यांना दोष देत नाही, पण ती गेली हे लिहून ठेवते. मी बायकांच्या रांगेत सगळ्यात शेवटी बसले होते. आपण होऊन. पाळकसाहेब माझ्यापुढे आले. त्यांच्या उजव्या हातात प्याला होता आणि त्यांनी टेबलावरच्या काचेच्या पेल्याकडे पाहिले. लाजरसकाका उठले. त्यांनी तो पेला उचलला, कोटाच्या खिशात घातला आणि जागेवर येऊन बसले.

"मी शेवटची आहे," मी म्हणाले. "माझ्यानंतर कोणाला प्यावे लागणार नाही."

"माझ्याखेरीज," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. माझ्या रागात मी सगळ्यांचा विचार केला होता, उरलेले पिणाऱ्याचा केला नव्हता. त्यांनी प्याला माझ्या ओठाला लावला. मी प्यायले. तळाशी दोन घोट राहिले.

ते टेबलाकडे गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. बराच वेळ. मग त्यांची मान मागे झुकली आणि प्याला रिकामा झाला.

दुसऱ्या दिवशी आई पाळकबाईंकडून परत आली ती माझ्या आसपास घुटमळत राहिली. शेवटी म्हणाली, "रागावणार नसशील तर सांगते. घरी गेल्यावर पाळकसाहेबांनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. तीन वेळा."

मला राग आला नाही. मी आईला तसे सांगितले तेव्हा तिला ते खरे वाटेना. पाळकसाहेब घाबरले होते, आणि घाबरलेलेच प्यायले. तानूबाईने पाणी मागितले तेव्हा मीसुद्धा घाबरले होते. मी तांब्या उंच धरला होता.